कन्नियम्माची दुसरी प्रत

“छायाचित्रकार अज्ञात. इरुळर जमातीतील स्त्री. मानवशास्त्रीय नोंदीसाठी काढलेले छायाचित्र. हिला इच्छेविरुद्ध कॅमेऱ्यापुढे उभे करण्यात आले. घट्ट मिटलेले ओठ हा तिचा नकार आहे.”

हा मजकूर आमच्या चेन्नईतल्या एका संग्रहालयाच्या भिंतीवर तमिळ आणि इंग्रजीत लावलेला होता, मराठी माझी. यातले ‘इरुळर जमातीतील स्त्री’ एवढेच खरे आहे. उरलेल्याचा प्रतिवाद करण्यासाठी हे प्रकरण लिहितो आहे. छायाचित्रकार अज्ञात नव्हता, ते माझे वडील होते. ते चित्र कोणत्याही नोंदीसाठी काढलेले नव्हते. आणि ओठांविषयी म्हणाल, तर अप्पांनी तिला तोंडातले पान थुंकायला सांगितले होते आणि तिने ते न थुंकता गालात सरकवले होते, म्हणून ते मिटलेले आहेत. मी तिथे पांढरी चादर धरून उभा होतो. माझा धाकटा भाऊ रघू म्हणतो, म्हाताऱ्याच्या आठवणीला पुरावा म्हणत नाहीत. रघूची हयात बँकेत गेली; त्याला प्रत्येक गोष्टीखाली दोन सह्या लागतात. त्याच्यासाठी शेवटी एक गोष्ट राखून ठेवली आहे, तिला एकही सही लागत नाही.

आमचे घर मैलापुरात, देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत होते. पुढच्या अंगाला अप्पांचा स्टुडिओ, मागे आमचा संसार आणि मधे एक जाड निळा पडदा. वासांनी मात्र तो पडदा कधी मानला नाही. फोटो पक्का करण्याच्या हायपोचा आंबूस दर्प स्वयंपाकघरात येई आणि आईच्या फोडणीचा हिंग अंधाऱ्या खोलीत शिरे, इतका की गल्लीतल्या कित्येक जोडप्यांच्या लग्नाच्या फोटोंना आमच्या सांबाराचा वास येत असावा. (सांबार आम्हा तंजावरी मराठ्यांनी या मुलखाला दिले की मुलखाने आम्हाला, हा वाद मी मागच्या प्रकरणात जिंकलेला आहे.) सकाळी देवळातून नादस्वराचे सूर येत, त्यांच्यामागून कोलमावु, म्हणजे रांगोळीचे पीठ विकणाऱ्या बाईची लांबवलेली हाळी, आणि त्या दोन्हींच्या खाली विहिरीच्या रहाटाची कुरकुर. दुपारी आई डांगर पच्चडी करी: भाजक्या उडदाचे पीठ दह्यात कालवून वर मोहरीची चरचरीत फोडणी. अप्पांच्या बोटांना हायपो असे, म्हणून त्यांनी हात पुन्हा पुन्हा धुऊन नाकाशी धरून दाखवल्याखेरीज आई पान वाढत नसे. आम्ही घरात जी मराठी बोलत असू, तिच्यातली अर्धी पुण्याच्या वाचकाला कळणार नाही आणि उरलेल्या अर्धीला तो हसेल. म्हणून इथली बोलणी मी जरा धुऊन, वाळवून छापतो आहे. ती तशीच ठेवण्याची मला लाज वाटते असा अर्थ कोणी काढू नये.

स्टुडिओची खरी कीर्ती अत्यामुळे होती. अत्या अप्पांची थोरली बहीण. अजाणत्या वयात विधवा होऊन ती भावाकडे आली आणि पुढे निगेटिव्ह दुरुस्त करण्यात तिचा हात असा बसला की लोक ट्रामच्या टोकापासून तिच्यासाठी येत. खिडकीशी तिचे तिरके मेज होते. त्यात दुधी काच बसवलेली, खाली आरसा. खिडकीतला उजेड आरशावरून काचेतून, निगेटिव्हमधून वर येई. पॉलिश कागदावर घासून सुईसारखी केलेली पेन्सिल घेऊन अत्या त्या काळ्या-पांढऱ्या उलट जगात टिकटिक करत बसे आणि देवीचे व्रण, तारुण्यपीटिका, बायकांच्या डोळ्यांखालची रात्रीची जागरणे पुसून टाकी. पेन्सिल फिल्मवर धरावी म्हणून ती दोन्ही बाजूंना एक राळेचे औषध चोळी. त्यामुळे दोन्ही अंगे सारखीच खरखरीत होत आणि कोणती बाजू वर ठेवून छापायचे हे हाताला कळेनासे होई. बाजू चुकली की माणूस उलटा छापला जातो, जसा आरशात दिसतो तसा. ते टाळायला अत्याचे स्वतःचे ठोकताळे होते. पुरुष असला की सदऱ्याची गुंडी. आमच्या गल्लीतल्या ब्राह्मण बायकांच्या दोन्ही नाकपुड्यांत हिरे चमकत, तेव्हा त्यांचा पदर. आणि बाईच्या नाकात एकच चमकी असली, तर अत्याला विचार करावा लागत नसे. एकुलती चमकी डावीकडे. आईची डावीकडे, आजीची डावीकडे, तंजावरहून येणाऱ्या सगळ्या मराठी बायकांची डावीकडे. अत्याच्या स्वतःच्या डाव्या नाकपुडीवरही एक बुजलेले छिद्र होते.

कन्नियम्मा उन्हाळ्यात येई. इरुळर ही चेंगलपट्टूकडच्या झुडपी रानांत राहणारी आदिवासी जमात. साप आणि उंदीर धरण्यात, मुळे ओळखण्यात त्यांच्या तोडीचे कोणी नाही. ती नन्नारीची, म्हणजे आपल्या उपळसरीची मुळे आणि पोळ्यातला मध घेऊन मागच्या दाराशी बसे. नन्नारीचे सरबत आमच्याकडे उन्हाळाभर माठात असे, म्हणून आई आणि ती यांचे बोलणे लांबत जाई. उंच, ताठ बाई, आवाज मोठा, तोंडात सतत पान. खांद्यावर पदर नसे. एकच लुगडे काखांखालून घट्ट गुंडाळलेले. आणि नाकात एक चांदीची चमकी.

त्या दिवशी अप्पा अंगणात तबके उन्हात मांडत होते.

“सामी, फोटो काढायला काय घेता?” तिने बसल्या जागेवरून विचारले.

“कुणाचा?”

“माझाच. दुसऱ्याचं तोंड मागायला कशाला येऊ?”

तिची मुलगी रेड हिल्सच्या पलीकडे एका भातगिरणीत कामाला गेली होती. गेली म्हणजे नवऱ्यासकट, भांड्याकुंड्यांसकट. तिथून कोणाला बाहेर पडू देत नसत आणि बाहेरच्या नातलगांना आत घेत नसत. “तिचा पोरगा चालायला लागला म्हणतात,” कन्नियम्मा म्हणाली. “त्यानं मला पाहिलेलं नाही. माझा दीर औषध विकायला गिरणीच्या फाटकापर्यंत जातो. त्याच्या हाती तोंड पाठवते. पोराला कळू दे, पाट्टी अशी आहे.” पाट्टी म्हणजे आजी.

अप्पा म्हणाले, पैशाचे मागाहून पाहू. “मागाहून काय पाहायचं,” म्हणून तिने मुळांची टोपली आईपुढे उलटी केली आणि पाय झटकत पुढच्या खोलीत चालती झाली. म्हणजे आधी मोल चुकते करून ती स्टुडिओत शिरली. जिला ‘उभे करण्यात आले’ ती ही.

आमच्या स्टुडिओत एक रंगवलेला पडदा होता: खांब, कठडा, आणि तळ्यात एक हंस, ज्याची मान चित्रकाराच्या हातून जरा लांब झाली होती. कन्नियम्माने तो वरपासून खालपर्यंत पाहिला.

“हे घर कुणाचं?”

“कुणाचंच नाही. चित्र आहे.”

“मग पोराला वाटेल, आम्हाला गिरणीत ठेवून पाट्टी राजवाड्यात जाऊन बसली. हे काढा.”

अप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा तो पडदा उलटा टांगला. मागे कोरे किंतान होते, मधोमध उभी शिवण. खुर्ची तिने नाकारली. पाय दिसले पाहिजेत म्हणाली. इतके चालून आलेले पाय, ते कापायचे नाहीत. अप्पांनी तिला किंचित वळून उभे राहायला सांगितले, पानाविषयी ते जे बोलायचे ते बोलले, तिने ते गालात सरकवले, मी चादरीने तिच्या डाव्या अंगावर उजेड पाडला, आणि फोटो निघाला.

ठरल्या दिवशी ती सकाळीच आली. दीर दुपारच्या गाडीने गिरणीकडे निघणार होता. त्याच वेळी आमच्याकडे एक मोठे वकील मुलगा आणि नवी सून यांना घेऊन आले होते, मागे जरीची गर्दी. राहुकाळ लागण्याच्या आत फोटो निघायला हवा, असे ते पुन्हा पुन्हा घड्याळाकडे पाहत सांगत होते. इथे राहुकाळात कोणी नवी वहाणसुद्धा पायात घालत नाही. अत्याने कन्नियम्माच्या हातात प्रत ठेवली. कन्नियम्मा पाहत राहिली. मग तिने बोट स्वतःच्या नाकाकडे नेले, चमकी चाचपली, आणि तेच बोट कागदावर आणले.

“ही कोण?”

“तूच की,” अत्या म्हणाली. “बघ किती सुरेख आलीस.”

“सुरेख असेल. मी नव्हे. माझी मूकुत्ती या अंगाला, हिची त्या अंगाला. माझी पोरगी म्हणेल, आईनं दुसऱ्याच बाईला पाठवलं.”

“चमकी ती चमकी. या बाजूला काय, त्या बाजूला काय?”

“तुमच्यात चालत असेल, अम्मा. आमच्यात उजवीकडे.”

वकील म्हणाले, “राव, या बाईंची चमकी संध्याकाळी हलवा. आमचा वेळ निघून चालला आहे.” अप्पांनी प्रत खिडकीपाशी नेऊन पाहिली आणि निगेटिव्ह मागितले. अत्या उठेना. तिच्या हातून चूक होते हे त्या घरात कोणी कधी बोलून दाखवले नव्हते. ती आमच्या मराठीत, वकिलांना कळू नये म्हणून हळू म्हणाली, “मुळं विकणारीसाठी वकिलांना बसवून ठेवतोस? उद्या कोण येईल आपल्याकडे?”

“अक्का,” अप्पा म्हणाले, “चमकी तिची आहे, आपली नाही.”

हे वाक्य मी आजवर कित्येकांना सांगितले आणि कित्येकांनी त्याची सुभाषिते केली. अप्पांना सुभाषिते बोलण्याची सवय नव्हती. छापखान्यातल्या माणसाने खिळा उलटा बसला आहे म्हणावे, तसे ते बोलले. अत्याने मात्र नकळत स्वतःच्या नाकपुडीवरच्या त्या बुजलेल्या छिद्राला हात लावला, आणि मग कोणी न सांगता उठून निगेटिव्ह घेऊन स्वतः अंधाऱ्या खोलीत गेली. अप्पा तिच्यामागे. नवी प्रत छापून, धुऊन, टिपकागदात दाबून बाहेर येईपर्यंत राहुकाळ लागला होता आणि वकील निघून गेले होते. ते परत आले नाहीत. त्यांच्या ओळखीचे लोकही हळूहळू येईनासे झाले. कन्नियम्माने ओली प्रत उजेडात धरली, पुन्हा नाक चाचपले, “हां, ही मी,” म्हणाली, आणि केळीच्या पानात गुंडाळून ती स्टेशनाकडे जवळजवळ पळत गेली. त्या वर्षानंतर ती आली नाही. रानात तिचे काय झाले ते आम्हाला कळले नाही आणि आम्ही विचारायला कोठे जाणार होतो? अत्या पुढे उन्हाळा लागला की मागच्या दाराकडे पाही. नन्नारी मग आम्ही बाजारातून आणू लागलो.

चुकलेली पहिली प्रत अत्याच्या मेजाच्या खणात राहिली. अप्पा गेले, अत्या गेली, स्टुडिओ बंद झाला, आणि खोके भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढले. ते रघूने चढवले, हे इथे नमूद करतो. भंगारातून ती प्रत कोणा संग्राहकाकडे आणि तिथून संग्रहालयात पोहोचली. तिच्यामागे काही लिहिलेले नव्हते.

या वर्षी रघूच मला त्या संग्रहालयातले प्रदर्शन दाखवायला घेऊन गेला. तरुण इरुळर छायाचित्रकर्ती आहे, तू स्टुडिओतला माणूस, तुला आवडेल, म्हणाला. खरे सांगायचे तर मी दोष काढण्याच्या तयारीने गेलो होतो आणि पहिल्याच चित्रापुढे थांबलो. भिंतीएवढी रंगीत छायाचित्रे. एका आजोबांच्या मागे रंगवलेला पडदा, त्यावर बाभळी, वारुळे, ताडाची झाडे. आणि पडदा धरून उभ्या असलेल्या दोघा नातलगांचे पाय खालून स्पष्ट दिसतात, बोटेही वरून दिसतात. आमच्याकडे असा फोटो अप्पांनी फाडला असता. पण मी त्या पायांकडे पाहत राहिलो, आणि हळूहळू माझ्या लक्षात आले की मुलीने ते पाय मुद्दाम ठेवले आहेत. हे रान आम्ही स्वतः उचलून आणले आहे, असे ती सांगते आहे. एक बाई भातगिरणीच्या बंद फाटकापुढे लग्नाचे लुगडे नेसून बसली होती आणि हसत होती. त्या हसण्यापुढून मला लवकर हलता आले नाही. शेजारच्या भिंतीवर जुनी, पिवळी चित्रे होती, माणसांच्या शेजारी मोजपट्ट्या उभ्या केलेली. आणि मधोमध एक जोडी: उजवीकडे ती मुलगी स्वतः, किंतानापुढे, अनवाणी, डावीकडे तशीच उभी कन्नियम्मा.

“ही आपली कन्नियम्मा,” मी म्हणालो.

रघूने खालचा मजकूर वाचला. “अण्णा, इथं तर वेगळंच लिहिलंय.”

“लिहू दे. फोटो अप्पांनी काढलाय.”

“अप्पा गिऱ्हाइकाला हंस देत. कोरा पडदा म्हणजे सरकारी काम.”

“तू तेव्हा पाळण्यात होतास.”

“पाळण्यातलेच पुढं वाचायला शिकतात.”

आमचा आवाज चढला असावा, कारण ती मुलगी जवळ आली. पूंकोडी तिचे नाव. हा मजकूर कोणी लिहिला, असे मी तमिळमध्ये विचारले. “मी,” ती म्हणाली. मी माझे म्हणणे मांडले. तिने ते मधे न बोलता ऐकले आणि मग पिवळ्या चित्रांच्या भिंतीकडे हात केला. “अय्या, इथं येणारा प्रत्येक जण म्हणतो, आमच्या घरच्यांनी मायेनं काढलाय. त्या पट्ट्याही मायेनंच शेजारी उभ्या केल्या असतील?”

त्या भिंतीविषयी तिचे बरोबर होते आणि मी तसे कबूल केले. मी वाद जिंकतो तो दुसऱ्याचे खरे मान्य करून. रघूला हे कधी जमलेले नाही. पण आमच्या फोटोविषयी ती चुकत होती. पुढचे वाक्य मी जुळवत होतो आणि तेवढ्यात माझे लक्ष तिच्या चेहऱ्याकडे गेले. तिच्या डाव्या नाकपुडीत चांदीची चमकी होती, आणि भोवतीची कातडी अजून लालसर.

“तुमच्यात मूकुत्ती कोणत्या बाजूला?” मी विचारले.

“उजव्या.” ती जरा चपापली. “ही मी या फोटोसाठी टोचून घेतली. हिच्यासारखी. आई आठवडाभर बोलली नाही माझ्याशी.”

“ही तुझी कोण?”

“माहीत नाही. तातांना दाखवला होता फोनवर, माझ्या आजोबांना. ते गिरणीतच वाढले. ते म्हणाले, माझ्या पाट्टीसारखी दिसते, पण ती नव्हे. पाट्टीची मूकुत्ती या अंगाला नव्हती. तिची बहीण असेल.” मग चित्राकडे पाहत ती म्हणाली, “नाव नाही, गाव नाही. म्हणून मी हिला माझी करून घेतली.”

मी तिला विचारले, पाट्टीचा फोटो घरी आहे का. आहे, म्हणाली, देवाजवळ. फाटकावर कोणीतरी आणून दिला होता एवढेच तातांना ठाऊक. खालचा अर्धा वाळवीने खाल्ला आहे, वर कुंकवाचे थर आहेत. तिने फोनवर तो काढून दाखवला. डोके, खांदे, लुगड्याचा काठ. मी म्हणालो, आता हा उलटा कर, आरशात दिसतो तसा. तुमच्या फोनला ते येते. तिने अंगठ्याने तो उलटवला आणि भिंतीवरच्या कन्नियम्माच्या शेजारी धरला. किंतानाची शिवण दोन्हीकडे खांद्यामागून त्याच ठिकाणी वर जात होती. जिथे पान होते तो गाल दोन्हीकडे तेवढाच फुगलेला होता.

मी पूंकोडीला सगळे सांगितले: मुळांची टोपली, हंस, राहुकाळ, नाकपुडीकडे गेलेला अत्याचा हात. अत्याच्या चुकीचे भोक माझ्या समोर एका जिवंत नाकात होते, तेही सांगितले. ती रडेल असे रघूला वाटले होते. तिने डाव्या चमकीला हात लावला, मग उजव्या नाकपुडीला, आणि म्हणाली, “इकडं अजून जागा आहे, अय्या.” बाहेर पडताना तिने मला विचारले की अत्यांचे नाव काय होते. भिंतीवर काय लिहायचे ते ती ठरवील. तो तिचा अधिकार आहे, आणि पट्ट्यांशेजारी उभ्या केलेल्या त्या माणसांची बाजू मांडायला तिच्याइतके योग्य कोणी मला दिसले नाही.

रघू अजून म्हणतो की शिवण जुळते एवढ्यावरून बाई आपणहून आली होती असे ठरत नाही. म्हणून त्याच्यासाठी राखून ठेवलेली गोष्ट इथे ठेवतो. मोजणीसाठी उभ्या केलेल्या माणसाला कोणी प्रत देत नाही, आणि प्रत चुकली म्हणून त्याच्यासाठी दुसरी छापून देत नाही. कन्नियम्माच्या नातवाच्या घरी, देवाजवळ, त्याच निगेटिव्हची दुसरी प्रत आहे. तिच्यात चमकी उजवीकडे आहे.